भुकेला कोंडा, निजेला धोंडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



झोप न येण्याविषयी बोलायला कवीला बोलावलं, की लोकांना वाटतं आता हा चांदण्या मोजणार. आमच्या धंद्यात जागरणाला मोठा मान आहे. विरहात जागायचं, कुणाची वाट पाहत जागायचं, समाजाच्या चिंतेनं जागायचं. मीही तीस वर्षं असल्या रात्रींवर लिहीत आलो. खरं सांगायचं तर लिहायचो आणि दहाच्या ठोक्याला घोरायला लागायचो. माझ्या घोरण्याबद्दल आमच्या बेगमची तक्रार होती, आणि भिंत सामाईक असल्यामुळे शेजाऱ्यांचीही होती.

अशा माणसाची झोप वयाच्या ५७व्या वर्षी उडाली. कारण विरहाचं नव्हतं, पोटाचं होतं. पोट कमी करायच्या नादात माझी झोप गेली.

झालं असं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मूतखड्याच्या संशयानं सोनोग्राफी केली. खडा काही सापडला नाही, पण यकृतावर चरबी सापडली. डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं, ‘वजन उतरवा,’ आणि पुढच्या पेशंटची घंटी वाजवली. माझं वजन तेव्हा ८६ किलो, उंची पाच फूट सहा इंच. आपल्याकडच्या पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असं मानतात. बेगमनं शिवणकामाची टेप लावली तर १०४ भरला. तिनं टेप पुन्हा लावली. पुन्हा १०४.

हे पोट काही एका दिवसात आलं नव्हतं. सोलापुरात राहायचं, कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि तिच्यावर तेलाची धार घ्यायची, लग्नाच्या मोसमात आठवड्याला दोन ठिकाणी दालचा-खाना झोडायचा, कविसंमेलनाला गेलं की यजमानांच्या आग्रहाखातर श्रीखंड-पुरी, आणि उरलेला वेळ कचेरीत खुर्चीवर. कवितेत मी कायम उपाशी माणसाच्या बाजूनं उभा असायचो, पण भरल्या पोटानं.

त्या डॉक्टरांनी ‘उतरवा’ म्हटलं, ‘कसं’ ते सांगितलं नाही. ते काम आमच्या कचेरीतल्या एका मित्रानं केलं. त्याच्या मोबाइलवर एक तक्ता आला होता. सकाळी लिंबू-मध-पाणी, दुपारी अर्धी भाकरी आणि वाटीभर काकडी-गाजर, संध्याकाळी सहा वाजता दुधीचं सूप. त्यानंतर सकाळपर्यंत पाणी. भूक लागलीच तर बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहा, हवा तितका. मी मनाशी म्हटलं, रोजे धरणाऱ्या माणसाला हे काय अवघड! दिवसाला कशाबशा ९०० कॅलरी होत असतील, हे नंतर मुलीनं हिशेब करून सांगितलं.

पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं. मी भेटेल त्याला आकडा सांगत सुटलो. त्यातलं बरंचसं नुसतं पाणी असतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात रात्री अडीचला डोळे उघडले. म्हणजे अर्धवट जाग नव्हे. कुणी हाक मारून उठवावं तसे टक्क उघडले. छाती जरा धडधडत होती, पावलं गार पडली होती, आणि डोकं असं लख्ख, की दिवसाही कधी इतकं नसतं. पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसत होती. कूस बदलली, उशी उलटी केली, मनातल्या मनात दुआ पढलो. डोळ्याला डोळा लागला तो फजरच्या बांगेच्या सुमारास, आणि मग उठवेना. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच.

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. म्हटलं, आयुष्यभर ज्याची सोंगं केली ते जागरण शेवटी आलं. उशाशी वही ठेवली. एका गझलकार मित्राला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मुबारक हो! आता दिवाण होईल.’ अकरा रात्री मी वहीत लिहीत होतो. बाराव्या दिवशी वाचून पाहिलं. खिमा, खिम्यात मेथी. हुरड्याबरोबरची लसणाची चटणी. शेजारच्या काकूंची पुरणपोळी, तुपासकट. ईदच्या शीरखुर्म्यात खारका किती आणि चारोळी किती, याचा अर्धं पान तपशील. कवितेची एक ओळ नव्हती.

यावर मी खूप हसलो होतो. पण पुढं मुलीनं मला एक हकीकत वाचून दाखवली आणि हसू थांबलं. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, १९४४-४५मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण लढायला नकार देणारे, स्वतःहून पुढे आलेले. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे कळावं म्हणून प्रयोग. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं, बटाटे, सलगम, ब्रेड असल्या अन्नावर. त्या धडधाकट पोरांना दुसरं काही सुचेनासं झालं. ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, जमवायची. ताटातला घास तासभर पुरवायची. आणि त्यांना मिळत होत्या दिवसाला पंधराशे-सोळाशे कॅलरी! मी ९००वर होतो आणि त्याला ‘डाएट’ म्हणत होतो.

मध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझी नात सात वर्षांची आहे. तिला स्कूटरवरून शाळेत सोडायचं काम माझं. ती पुढे उभी राहते आणि आरशातून माझ्याशी बोलते. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी सात रस्त्याच्या अलीकडे ती एकदम ओरडली, ‘नाना, डोळे उघडा!’ माझे डोळे मिटले होते. किती वेळ, मला माहीत नाही. स्कूटर दुभाजकाच्या कडेला लागत आली होती. मी ब्रेक दाबला, गाडी बाजूला घेतली. मागून एसटी भोंगा वाजवत निघून गेली. नात म्हणाली, ‘मी अम्मीला सांगणार नाही.’ त्या वाक्यानं मला जास्त घाबरवलं. तिला शाळेत सोडलं, घरी आलो आणि मीच सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी स्कूटरची किल्ली बेगमनं आपल्या बटव्यात ठेवली आणि मला आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

या बाईंचा दवाखाना एका खोलीचा. तपासणी फीपेक्षा गप्पा जास्त. त्यांनी माझा तक्ता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘कविराज, वजन कमी करायचा संकल्प तुम्ही केलात. तुमच्या शरीराला तो कुणी कळवला का?’

मी पाहत राहिलो.

‘शरीराला डाएट कळत नाही. त्याला एकच कळतं, दुष्काळ पडलाय. आणि दुष्काळात जो गाढ झोपतो तो मरतो. म्हणून ते तुम्हाला उठवतं. ऊठ आणि अन्न शोध, म्हणतं.’

मग त्यांनी मला समजेल असं सगळं सांगितलं. मी बीए, तेही मराठी घेऊन. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. तेव्हा मला जेवढं उमगलं तेवढंच सांगतो.

रात्री आपण जेवत नाही, पण मेंदूला साखर लागतेच. ती यकृत पुरवतं. यकृतात तिचा थोडा साठा असतो. दिवसभर अर्धपोटी राहिलं की साठा तुटपुंजा होतो. मग शरीर अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल अशी रसायनं सोडून इकडून तिकडून साखरेची सोय करतं. हीच रसायनं माणसाला सावध ठेवणारी. कॉर्टिसॉल तर कुणाच्याही शरीरात उत्तररात्री वाढायला लागतंच, सकाळी उठायच्या तयारीसाठी. त्यात भुकेची भर पडली की अडीच-तीनलाच जाग येऊ शकते. माझ्या बाबतीत असंच झालं असावं, असा बाईंचा अंदाज.

दुसरी गोष्ट मला फार आवडली, कारण तिच्यात शब्दाची गंमत आहे. मेंदूच्या तळाशी काही मोजक्या पेशी असतात. त्या एक द्रव्य तयार करतात. १९९८मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना एकाच सुमारास त्याचा शोध लागला. एका गटानं त्याला ऑरेक्सिन नाव दिलं, ग्रीक भाषेत भूक या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून. पुढे कळलं की हे द्रव्य भुकेपेक्षाही जागेपणाचं आहे. ते नसेल तर माणूस दिवसाढवळ्या बोलता बोलता झोपी जातो. म्हणजे भूक आणि जाग या दोन खोल्यांच्या मधल्या दारात एकच पहारेकरी बसलेला. २००३मध्ये उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साध्या उंदरांचं खाणं काढून घेतलं की ते जास्त वेळ जागे राहतात, धावपळ करतात. ज्यांच्या मेंदूत या पेशी उरल्या नव्हत्या, ते उंदीर उपाशी असूनही तसे जागे झाले नाहीत.

मी म्हटलं, ‘बाई, झोप गेली तर गेली, चरबी तर जातेय ना?’ त्यावर त्यांनी मला कॉटवर बसवलं आणि मांडीला चिमटा घेतला. पायजम्याची नाडी होती तिथंच होती, आणि मांड्या मात्र काटकुळ्या झाल्या होत्या.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेली १० माणसं. त्यांना कमी जेवण देऊन दोन आठवडे रात्री साडेआठ तास अंथरुणावर राहू दिलं, आणि दुसऱ्या खेपेला दोन आठवडे साडेपाचच तास. जेवण दोन्ही वेळा सारखंच. वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलो उतरलं. पण भरपूर झोपेच्या खेपेला त्यातली चरबी होती १.४ किलो, आणि कमी झोपेच्या खेपेला अवघी ०.६. उरलेलं वजन चरबीचं नव्हतं, स्नायूंसारख्या कामाच्या ऐवजातून गेलं होतं. शिवाय कमी झोपलेल्यांना भूक जास्त लागत होती. दहा म्हणजे काही फार माणसं नव्हेत, हे मलाही कळतं. पण माझ्या मांड्यांनी त्याला दुजोरा दिला होता. काट्यावरचा आकडा खाली येत होता आणि मी आनंदानं आपलंच घर मोडून चुलीत घालत होतो.

आता कुणी असं समजू नये की मी वजन कमी करण्याच्या विरुद्ध बोलतोय. जाड माणसाचं वजन बेतानं उतरलं तर घोरणं कमी होतं, झोपेत श्वास अडकणं कमी होतं, झोप सुधारू शकते. माझा प्रश्न घाईचा होता. आणि त्या कोऱ्या चहाचाही. दिवसाला सात-आठ कप होत होते, शेवटचा रात्री नऊला. चहातलं कॅफिन अंगात निम्मं व्हायलाच पाचेक तास घेतं. भूक मारायला तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचं आणि मग रात्री दोनदा उठायचं, हेही होतंच. आणखी एक गोष्ट बाईंनी बजावून सांगितली, ती इथं सांगायलाच हवी. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी असले तक्ते परस्पर सुरू करू नयेत. रात्री घाम फुटून, थरथरून जाग आली तर ती साधी निद्रानाशाची गोष्ट नसते. साखर धोक्याच्या खाली गेलेली असू शकते. तेव्हा ताबडतोब काही गोड खायचं आणि डॉक्टर गाठायचा.

निघता निघता बाईंनी विचारलं, ‘तुम्ही महिनाभर रोजे धरता. तेव्हा झोप जाते?’

मी विचार करायला लागलो. जात नाही. सेहरीला उठावं लागतं म्हणून मोडते, दुपारी कचेरीत डुलकी लागते, पण तरावीह पढून आडवं झालं की डोळा मिटतो. याचं सरळ उत्तर असं, की रोज्यात भूक दिवसा असते, रात्र भरलेली असते. (काही जणांची जरा जास्तच भरलेली असते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या इफ्तारलाही चपखल बसते. रमजानमध्ये भज्यांनी वजन वाढलेले किमान पाच जण मी नावानिशी दाखवीन.) माझ्या तक्त्यात उलटं होतं. दिवस कसाबसा जायचा आणि रात्र रिकामी. पण मला आणखी एक वाटतं, हे माझं, डॉक्टरांचं नव्हे. रोज्यातल्या भुकेला वेळ ठरलेली असते. मगरिबची बांग होणार, खजूर हातात येणार, हे पोटाला ठाऊक असतं. मोहल्ला सगळा बरोबर उपाशी असतो. ज्या भुकेचा शेवट ठाऊक नाही, ती भूक निराळी.

हे बोलता बोलता मी गप्प झालो. बेगमनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं काही नाही.

मला माझी अम्मा आठवली होती.

माझं गाव मंगळवेढा तालुक्यातलं. काळी जमीन, ज्वारीचा मुलूख. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडी केली, ही कथा आम्ही हिंदू-मुसलमान सगळ्या पोरांनी लहानपणी ऐकलेली. १९७२च्या दुष्काळात उघडायला कोठारात काही नव्हतंच. मी पाच वर्षांचा होतो. अब्बा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात, पैसे आले तर यायचे. अम्मा खडी फोडायला जायची. परदेशातून आलेली लाल ज्वारी, तिला मिलो म्हणायचे, तिची भाकरी असायची. पोरांना सुकडी मिळायची. सुकडीची चव मला अजून आठवते, आणि ती वाईट नव्हती.

आणि आठवते ती रात्रीची अम्मा. मधूनच जाग आली की ती बसलेली दिसायची. भिंतीला पाठ, एक गुडघा पोटाशी घट्ट ओढलेला, हातात तस्बीह. ओठ हलत असायचे. मी पुन्हा झोपी जायचो. ती जागी आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं वाटायचं.

या दृश्यावर मी कविता लिहिली. माझ्या पहिल्या संग्रहात, १९९६च्या, ती आहे. आई लेकरांसाठी रात्रभर दुआ मागत जागते, तिच्या जागण्यामुळे घरावर छप्पर आहे, असा तिचा आशय. मला आज जे काही थोडं लोक ओळखतात ते त्या कवितेमुळे. संमेलनात ती म्हटली की पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. ती मी शंभरेक वेळा तरी वाचली असेल.

संग्रह आला तेव्हा मी ती कविता अम्माला वाचून दाखवली. मराठी तिला चांगलं समजायचं, बाजारात मराठीच बोलायची, घरात दखनी. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘निंद नईं आती थी रे बाबा. इत्तीच बात.’ झोप येत नव्हती, एवढंच. मी हसलो. मला वाटलं, किती साधी आहे, आपल्या त्यागाचं तिला काहीच वाटत नाही. पुढं हा किस्साही मी कविता म्हणण्याआधी सांगायला लागलो. त्यालाही टाळ्या पडायच्या.

त्या जागरणाच्या दिवसांत एकदा रात्री तीनला मी पलंगावरून उतरून भिंतीला टेकून बसलो होतो. पोटात कालवत होतं. गुडघा वर ओढून पोटाशी दाबला की जरा बरं वाटतं, हे मला आपोआप कळलं होतं. दाबल्यावर ती खळखळ थोडा वेळ थांबते. तेव्हा फक्त बरं वाटलं होतं, पुढं काही सुचलं नव्हतं. बाईंच्या दवाखान्यात बसल्यावर सुचलं, की हे बसणं मी पाहिलेलं आहे. त्याच्यावर मी कविता लिहिलेली आहे.

घरी येऊन पहिला फोन आपाला केला. माझी थोरली बहीण, पंढरपूरला असते. दुष्काळात ती अकरा वर्षांची होती, तिला सगळं आठवतं. मी विचारलं, ‘आपा, त्या साली अम्मा रात्री जेवायची का?’

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, ‘भाकऱ्या मोजून असायच्या रे. तुम्ही तिघं खाऊन झोपायचात. ती म्हणायची, मी नंतर खाते. नंतर काय होतं? रात्री उठून पाणी प्यायची. मला आवाज यायचा.’

‘मला कधी सांगितलं नाहीस.’

‘तू कधी विचारलंस? कवितेत तर तूच आम्हाला सांगत होतास.’

मी म्हटलं, पण ती तस्बीह ओढत असायची, ते तर मी डोळ्यांनी पाहिलंय. आपा म्हणाली, ‘ओढायची ना. जागी असायची म्हणून पढायची. तुला वाटलं पढायला जागी असायची.’

आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. भूक लागली की कोंडाही गोड लागतो, झोप आली की धोंडाही उशाला चालतो. म्हण करणाऱ्यानं धरून चाललं होतं की निदान कोंडा तरी मिळेल. तोही पोटात नसला तर धोंड्यावरच काय, कापसाच्या गादीवरही झोप येत नाही. हे मला गादीवर कळलं. अम्मा दिवसभर खडी फोडून आलेली असायची. दमलेला माणूस पडल्या पडल्या झोपतो, असं आपण म्हणतो. ती झोपत नव्हती. माझ्या अंगावर जाळायला १०४ सेंटिमीटरचा साठा होता. तिच्या अंगावर चरबी म्हणून काही नव्हतंच. त्या वर्षी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. आम्ही पोरं त्या वर सरकवायचो आणि हात खाली केला की खळकन मनगटावर येऊ द्यायचो. तो आमचा खेळ होता.

अम्मा २०११ला गेली. तिला विचारायची सोय नाही.

माझ्या डाएटचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. बाईंनी तक्ता फाडला आणि दुसरा दिला, त्यात विशेष असं काही नाही. मला रोज जेवढं लागतं त्यापेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी, जास्त नाही. सकाळी दोन अंडी आणि भाकरी. दुपारी मटकीची उसळ, पालेभाजी, भाकरी. रात्री साडेसातला सूप नव्हे, पुन्हा नीट जेवण, ज्वारीची भाकरी, डाळ, दही. झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध. दुपारी दोननंतर चहा बंद. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. वजन रोज नाही, रविवारीच करायचं. आधी दीड किलो परत वाढलं, तेव्हा माझा धीर सुटला होता, बेगमनं धरला. दहाबारा दिवसांत झोप हळूहळू परत आली. पूर्वीसारखी नाही, पण चारपर्यंत लागते. आज सात महिने झाले. वजन ७७ आहे, कंबर ९४. अजून चार सेंटिमीटर बाकी आहेत आणि मला घाई नाही. स्कूटरची किल्ली दोन महिन्यांनी परत मिळाली. नात अजूनही आरशातून माझ्या डोळ्यांवर लक्ष ठेवते.

कवितेचं मात्र अडलं आहे. या हिवाळ्यात एका कार्यक्रमात संयोजकांनी नेहमीप्रमाणे तीच म्हणायला सांगितली. मी दुसरी म्हटली. टाळ्या बेताच्या पडल्या. खाली उतरल्यावर एक बाई म्हणाल्या, ‘आईची ऐकायला आले होते हो, तालुक्याहून.’ मला काय उत्तर द्यावं कळेना. जी कविता ऐकून त्या रडल्या असत्या, तीत एक भुकेली बाई आहे आणि तिची भूक मी पाहिलेली नाही, हे त्यांना कसं सांगणार?

मग ती पुन्हा लिहायला घेतली. रात्री नाही, सकाळी, न्याहारी झाल्यावर. दुआ काढली नाही, तस्बीहही ठेवली, कारण त्या खऱ्या होत्या. गुडघा पोटाशी का होता ते लिहिलं. रात्री उठून ती माठातलं पाणी तांब्यात घेते, तांब्याचा आवाज होऊ नये म्हणून तो पदरानं धरते, असं लिहिलं. ते मला चांगलं जमलं असं वाटलं. परवा आपाला फोनवर वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तांब्या कुठला रे? तांब्या तर त्या साली मोडीत घातला होता. जर्मनचा गिलास होता.’

ते अजून दुरुस्त करायचं आहे.